भुताच्या लगद्यात मेथी

माणसाला सातासमुद्रांपलीकडून परत आणते आणि पुन्हा जाऊ देत नाही, ती मातृभूमीची ओढ. हे वाक्य मी एका सत्कारसमारंभात ऐकले. शाल होती, श्रीफळ होते, मधूनच दम लागणारा एक माइक होता. सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून मीही डोलावली. वाक्यात चूक नव्हती. मी तेव्हा नाशिकच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते, तेवढे मला ऐकताक्षणीच कळायचे. वाक्य खरे आहे की नाही हे तपासणे आमच्या खात्याकडे नव्हते. पण या वाक्याच्या बाबतीत मला थोडी माहिती होती, कारण सत्कारमूर्ती माझा मावसभाऊ होता, आणि त्याला परत जाऊ न देणारी वस्तू ज्या कागदाची केली होती त्यातला बराचसा मी कुटला होता.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षे. गंगापूर रोडला बंगल्यांच्या रांगांमध्ये अजून एखादी द्राक्षाची बाग तग धरून होती. मावशीचा बंगला आमच्यापासून दोन घरे सोडून होता. बंगला म्हणजे चार खोल्या, पुढे अंगण, एक पारिजातक आणि कुरकुरणारे फाटक. मावशी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. काका जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिला कॉलनीत सगळे, अगदी तिच्यापेक्षा मोठी माणसेही, ‘बाई’ म्हणायचे. तिने कोणाला काही करायला सांगितले तर ते आधी उत्तर मागायचे नाहीत; उदाहरण सोडवायला घ्यायचे.

मावसभाऊ दहा वर्षे अमेरिकेत होता. त्या जूनमध्ये तो बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन परत आला आणि सातपूरच्या एका कारखान्यात रुजू झाला. पण येताना वहिनीने एक अट घातली होती आणि ती तिने आल्याआल्या मावशीला स्वच्छ सांगितली. दिवाळीपर्यंत बघायचे. मुलगी रमली तर राहायचे, नाही तर परत जायचे. तिकडच्या कंपनीने त्याची जागा तोवर राखून ठेवली होती. मावशीने हे ऐकून फक्त ‘बरोबर आहे’ म्हटले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला मात्र स्वयंपाकघरात म्हणाली, “मुलगा काय, कुठेही राहील. त्याला जेवायला मिळालं की झालं. प्रश्न पोरीचा आहे.” मुलगा राहावा असे तिला किती वाटत होते हे या वाक्यावरून मला कळले, कारण मुलाबद्दल इतके कोरडे ती एरवी बोलत नसे.

मुलगी त्रास देणारी नव्हती, हाच त्रास होता. ती रडायची नाही, हट्ट करायची नाही, पानातले सगळे संपवायची. इतकी शहाणी मुलगी बघून कॉलनीतल्या आया आपल्या मुलांना टोमणे मारू लागल्या. त्यामुळे मुलांमध्ये तिची लोकप्रियता कितपत वाढली असेल ते सांगायला नको. मराठी तिला सगळे कळायचे, पण उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही एकदोन शब्दांत. संध्याकाळ झाली की ती व्हरांड्यात बसायची आणि तिथून जाणाऱ्या घरातल्या कोणाही माणसाला विचारायची, की आता तिकडे किती वाजले. मावशी सांगायची. मुलगी मान हलवायची. रोज.

ऑक्टोबरात एकदा तिने वेगळाच प्रश्न विचारला. अंगणात मांडायच्या वस्तू कधी काढायच्या? वहिनीने आम्हाला समजावले की तिला हॅलोविन म्हणायचे आहे. मावशीला समजावण्याची गरज नव्हती. नातीच्या बाळपणी ती तिकडे राहून आली होती आणि तिने ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते. समोरच्या भल्या घरच्या लोकांनी दाराला सांगाडा टांगला, हिरवळीवर कबरी मांडल्या, तेव्हा मावशीने सुनेला हळूच विचारले होते, की यांच्याकडे कोणी गेले असेल तर पिठलं-भात करून पाठवायचा का. ही हकिगत ती स्वतःच सांगायची आणि आपण हसून झाले की म्हणायची, “पण मांडलं होतं मात्र सुबक.”

त्या वर्षी दिवाळी आणि ते अमेरिकन भूत एकाच आठवड्यात येत होते. इथल्या घरात तो आठवडा भुतांसाठी सोयीचा नाही. तरी मावशी दुसऱ्या दिवशी बाजारातून एक मोठा लाल भोपळा घेऊन आली. वहिनीने त्याला डोळे-तोंड कोरायला सुरी घेतली, आणि मावशीने तिचा हात धरला.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाई लावत नाही. भोपळा म्हणजे थोरला मुलगा. पुरुषाने एक काप दिला की मग बायकांनी त्याची खुशाल भाजी करावी. वहिनी म्हणाली, ठीक आहे, संध्याकाळी हा आला की याच्याकडून कापून घेऊ. मावशीने सुरी उचलून फळीवर ठेवली. गणिताची बाई, देवळात सुद्धा आधी चपलांची सोय बघणारी. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास असायचे काही कारण नव्हते. पण थोरला मुलगा राहणार की जाणार हे ठरायच्या महिन्यात थोरल्या मुलाचे पोट कोरून, तोंडाला भोके पाडून त्याला दारात उभे करायचे, हे तिला पटेना. “माझा विश्वास नाही,” ती म्हणाली, “पण उगाच कशाला?”

मग नातीकडे वळून म्हणाली, “आपण कागदाचा करू.”

हे ती सहज म्हणू शकली, कारण लगदा हा तिचा प्रांत होता. दर उन्हाळ्यात ती कागदाच्या टोपल्या करायची. रद्दी फाडून पिंपात भिजत घालायची, चांगली लिबलिबीत झाली की पिळून कुटायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि थोडी खळ मिसळायची आणि तो गोळा पालथ्या पातेल्यावर थापायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि टोपलीला कीड लागत नाही. वाळली की टोपली पातेल्यावरून टोपीसारखी निघते. तिच्या टोपल्यांत कॉलनीतल्या निम्म्या घरांची कडधान्ये होती. आता पातेल्याच्या जागी भोपळा आला, एवढाच फरक. भोपळ्याला तेलाचा हात लावून त्यावर लगदा थापला, वाळल्यावर मधून कापून दोन वाट्या काढल्या, एकीला डोळे-तोंड पाडले आणि पुन्हा जोडल्या. आतला भोपळा शाबूत निघाला. मावसभावाने रीतसर पहिला काप दिला आणि त्याचे घारगे झाले.

रद्दी माझ्या कचेरीतून आली. मावशीची कागदाविषयी ठाम मते होती. गुळगुळीत पुरवण्या तिला चालायच्या नाहीत, त्या पाणीच पीत नाहीत म्हणायची. साधी पाने आणि त्यातही अग्रलेखाचे पान तिच्या मते लवकर मऊ पडायचे. मी महिनोन्महिने ज्यातल्या वेलांट्या सुधारल्या होत्या ते सगळे त्या पिंपात एकजीव झालेले पाहिले. विरोधी मतांचे लेख इतक्या सामंजस्याने एकत्र आलेले मी छापात कधी पाहिले नव्हते.

भोपळा झाल्यावर नातीने भूत मागितले. तिला हवे होते ते चादर पांघरलेले, दोन काळ्या भोकांचे. मावशीला हे भूत अगदीच अर्धवट वाटले. त्याला ना जात ना कूळ, ते राहते कुठे, मागते काय, काही पत्ता नाही. तिने नातीला आपल्याकडची भुते समजावून सांगितली. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, विहिरीवरचा खवीस, आणि कोण कशाने शांत होते. मुलगी इतके लक्ष देऊन ऐकत होती की वहिनी दारात थबकली. शेवटी तडजोड झाली: चादर तिकडची, पावले इकडची. कबरीचा दगड मात्र मावशीने साफ नाकारला.

हातांसाठी दिंडोरीहून काड्या आल्या. मावशीच्या धाकट्या दिराची तिथे द्राक्षबाग होती आणि ऑक्टोबरची छाटणी चालू होती. तो मोटरसायकलवर वेलीच्या काड्यांची मोळी बांधून घेऊन आला. कशासाठी ते ऐकल्यावर त्याने हेल्मेट काढले.

“वहिनी, आमच्याकडं भूत घालवायला माणूस बोलावत्यात,” तो मावशीला म्हणाला. “तुम्ही करून दारात उभं करायला लागल्या. लय झालं.”

“चहा घेणार का काड्या परत नेणार?”

त्याने चहा घेतला आणि बसल्या बसल्या काड्या वाकवून दहा बोटे बांधून दिली, पेरांसकट. ती बोटे मी नंतर बराच वेळ पाहत बसले. द्राक्षाच्या जुन्या काडीला म्हाताऱ्या बोटासारखी गाठ असते, हे मला तोवर माहीत नव्हते.

डोक्यासाठी एक मोठा माठ पालथा घातला. लगदा तयार होता, मेथी रात्रभर भिजवून ठेवली होती, आणि मिक्सरला एक फेरा दिला तोच वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. गेलेली वीज आपल्या वेळेला यायची. ओली मेथी पाट्यावर वाटत बसायला मावशी तयार नव्हती, कारण लगदा आंबत चालला होता. तिने भांड्यात बोट घालून पाहिले. काही मेथी वाटली गेली होती, बरीचशी अख्खी होती. “भुताला कीड लागली तरी कोण विचारणार आहे,” असे म्हणून तिने ती तशीच घातली. नात तिच्या शेजारी फतकल मारून बसली होती, कोपरापर्यंत राखाडी. दोघी मिळून माठावर लगदा थापत होत्या. मावशीचा तळवा जिथे पडायचा तिथे लगेच एक लहान तळवा पडायचा. माणसाचे हात शिकताना दिसतात तेव्हा ते दृश्य जवळजवळ देखणे असते. मी हे लिहिते आहे, कारण त्या दिवशी मला ते कोणाला सांगता आले नाही. विजेअभावी पंखा बंद होता आणि सगळे वैतागले होते.

भूत फाटकाच्या डाव्या बाजूला, बांबूवर उभे राहिले. पांढरी चादर, उलटी पावले, द्राक्षाची बोटे, आणि माठाएवढे टक्कल. केसांसाठी काथ्या आणायचा राहून गेला होता. तोंड मावशीने फार मोठे कोरले होते. गणितात तिला भूमिती कमी आवडायची.

दुसऱ्याच दिवशी कॉलनीचे अध्यक्ष आले. अध्यक्ष सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्तीनंतर कॉलनीला ते सोसावे लागत होते. त्यांनी पाण्याच्या टाकीचे उद्घाटन केले होते, तिच्या दुरुस्तीचेही केले होते. दिवाळीत मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा असायची, तिचे परीक्षक ते. ऐन सणात दारात कवटी म्हणजे आपली संस्कृती कुठे चालली, अशा अर्थाचे ते बरेच बोलले. मावशीने ऐकून घेतले.

“कवटी नाही,” ती म्हणाली. “नरकासुर आहे.”

अध्यक्षांनी चष्मा सावरला. नरक चतुर्दशीला दारात नरकासुर, याला हरकत घेता येत नव्हती. “मग आपण वध कधी करणार, बाई?”

“चतुर्दशीला. तुमच्या हस्ते.”

अध्यक्ष समाधानाने गेले. हे सगळे व्हरांड्यातून मुलगी ऐकत होती. ती हसली नाही. तिने विचारले, आता तिकडे किती वाजले. मावशीचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आणि दुसरीकडे पाहू लागले. दिवाळी आठवड्यावर आली होती. वहिनीने आदल्याच दिवशी कपाटावरच्या मोठ्या बॅगा खाली काढून पुसून ठेवल्या होत्या. पुसायच्याच होत्या, असे ती म्हणाली.

मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस झिम्मड पडला. भोपळा आत घेतला, पण भूत बांबूला असे बांधले होते की सुटेना. मावशीने त्याच्यावर प्लास्टिक टाकले. लगदा आतून ओलाच राहिला असणार. पाऊस थांबला, ऊन पडले, प्लास्टिक काढले, आणि मुलीने घर डोक्यावर घेतले. जूनपासून तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. मावसभाऊ दाढीचा साबण तसाच ठेवून पळत आला.

भुताला केस आले होते. टकलावर सगळीकडून बारीक हिरवे मोड वर निघाले होते, मधोमध दाट, कानांपाशी विरळ. वीज गेल्यामुळे अख्खी राहिलेली मेथी मनापासून उगवली होती. मावशीने जवळ जाऊन पाहिले आणि ‘हात्तिच्या’ म्हणाली. तिच्या लगद्याची आयुष्यात अशी फजिती झाली नव्हती. ती उपटायला हात घालणार, तर मुलगी मध्ये उभी राहिली. तिने आतून पेला आणला आणि भुताच्या डोक्यावर पाणी घातले.

आता इथे किल्ल्यांविषयी सांगायला हवे. आमच्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात आणि त्यावर हिरवळ दिसावी म्हणून अळीव किंवा मोहरी पेरतात. पेरणी दिवाळीच्या चार दिवस आधी साधावी लागते. त्या वर्षी पावसाने कॉलनीतले सगळे किल्ले धुऊन नेले होते, पेरलेले वाहून गेले होते आणि स्पर्धा तोंडावर होती. अशा वेळी एका मुलाने फाटकावरून हे डोके पाहिले. थोड्या वेळात फाटकाशी सातआठ जण जमले. ज्या मुलीचे नाव घेऊन त्यांना रोज टोमणे ऐकावे लागत होते, तिच्याकडे ते आदराने पाहत होते.

“ए, हे कसं उगवलं?” त्यांच्यातल्या मोठ्याने विचारले.

मुलीने मागे वळून आजीकडे पाहिले. मावशी तुळशीपाशी काहीतरी करत असल्याचे दाखवत होती. मी खांबाआड होते. उत्तर द्यायला दुसरे कोणी नव्हते.

“मेथी,” मुलगी म्हणाली. “आधी भिजवायची. रात्रभर. मग कागदात घालायची.” आणि थोडे थांबून, “माती नको. माती वाहून जाते.”

तिच्या तोंडून इतके मराठी एका दमात त्या मुलांनी ऐकले नव्हते. आम्हीही नाही. त्यात तिने ‘भिजवायची’ अगदी मावशीच्या ठसक्यात म्हटले होते.

पुढचे तीन-चार दिवस ती घरात फक्त जेवायला आली. पिंपातला उरलेला लगदा बादलीबादलीने कॉलनीभर गेला. किल्ल्यांच्या तटांवर, बुरुजांवर ओला कागद थापला गेला आणि त्यात मेथी पेरली गेली. मुलगी एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर पाणी घालत फिरायची, मुठीत पेला आणि मागे दोन-तीन लहान मावळे. तिच्या हुकमाने बोलण्यात मला कोणाची तरी आठवण यायची.  एका संध्याकाळी मावशी व्हरांड्यात येऊन बसली. तिला कोणी वेळ विचारली नाही.

चतुर्दशीला अध्यक्ष पहाटेचे अभ्यंग उरकून, नवा झब्बा घालून नरकासुराच्या वधाला आले. नरकासुराची हिरवी झुलपे तोवर बोटभर वाढली होती. अध्यक्षांनी वाकून पाहिले.

“बाई, याला केस हिरवे का?”

“ताजा आहे,” मावशी म्हणाली.

मुलांनी वध होऊ दिला नाही. त्यांचे म्हणणे असे, की याचे पाणी अजून चालू आहे. अध्यक्षांनी परिस्थिती ओळखून पायाखाली कारीट फोडले, तोच वध समजावा असे जाहीर केले आणि किल्ल्यांच्या परीक्षणाला निघाले. त्या वर्षी सगळेच किल्ले हिरवेगार असल्याने त्यांची पंचाईत झाली. नरकासुराला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले: स्टीलची वाटी, नाव घालायची जागा मोकळी ठेवलेली.

पाडव्याला सकाळी मी फराळाचे ताट घेऊन गेले तेव्हा वहिनी स्टुलावर चढून बॅगा परत कपाटावर टाकत होती. मी ताट ठेवून बॅग वर द्यायला हात लावला. 

“इतके महिने ती विचारायची, तिकडे किती वाजले,” वहिनी वरून म्हणाली. “काल झोपताना विचारलं, इथे पुन्हा पाऊस कधी पडेल. नाही पडला तर पाणी कोण घालणार.”

मावशी दारात होती. तिने ऐकले. ती आत आली, स्टूल डुगडुगत होते ते धरले आणि सुनेला म्हणाली, “जपून. त्या बाजूला फळी कच्ची आहे.” एवढेच. मुलगा राहावा यासाठी पाच महिने एक अक्षर न बोलण्याचे जे अवघड गणित तिने सोडवले होते, त्याचे उत्तर आल्यावरही तिने खाली दोन रेघा मारल्या नाहीत. मी पुष्कळ मोठी माणसे व्यासपीठावर पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणी इतके सुंदर गप्प बसल्याचे मला आठवत नाही.

भाऊबीजेला भुताचे केस कापले. त्यांचे थालीपीठ करावे असे मुलीचे मत पडले, पण मावशीने सांगितले की माणसाने अग्रलेखाच्या पानावर उगवलेले खाऊ नये. कागदी भोपळ्यात दिवा घातला आणि तो आकाशकंदील म्हणून तुळशीच्या लग्नापर्यंत लटकला. शेजारच्या कॉलनीतून लोक तो बघायला यायचे आणि कसा केला विचारायचे. नात सांगायची. मराठीत.

सत्कार जानेवारीत झाला. परदेशातले वैभव झुगारून मायदेशी परतलेला सुपुत्र, असे फलकावर होते. मी ‘सुपुत्र’मधला ऱ्हस्व-दीर्घ आधीच सुधारून दिला होता. अध्यक्षांनी मातृभूमीच्या ओढीवरचे ते वाक्य म्हटले, मग माइक गेला, मग आला, तेव्हा त्यांनी ते पुन्हा म्हटले. मावसभावाने उत्तरादाखल हात जोडले. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. नात तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती.

भुताचे डोके मावशीने उन्हात खडखडीत वाळवले, त्यावर नीट वाटलेल्या मेथीच्या लगद्याचा आणखी एक थर दिला आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवले. त्यात लसूण असतो. तोंड फार मोठे असल्याने पाकळ्या खाली पडायच्या, म्हणून तोंडात मावसभावाचा एक जुना मोजा कोंबला आहे.